कागदाची कड

लग्नसराईत घरोघरी येणाऱ्या निमंत्रणपत्रिकांमध्ये अलीकडे एक पत्रिका हमखास वेगळी ठेवली जाते. तिचा कागद जाडसर असतो, त्यात कुठे एखादा धागा तर कुठे फुलाची पाकळी अडकलेली दिसते आणि तिची कड सरळ कापलेली नसते. ती झालरीसारखी विरळ होत गेलेली असते. पाहुणे त्या कडेवरून बोट फिरवतात आणि कागद हाताने बनवलेला आहे, असे एकमेकांना कौतुकाने सांगतात. अशा पत्रिकेसाठी यजमानाने साध्या पत्रिकेच्या कितीतरी पट दर मोजलेला असतो.

त्याच घराच्या माळ्यावर पणजोबांच्या काळातील चोपड्यांचे गाठोडे असते. त्यातील कागदही हाताचाच असतो आणि त्याची कडही तशीच असमान असते. मात्र तिच्यावरून कोणी बोट फिरवत नाही. ती कड 'कुरतडलेली' ठरते आणि गाठोडे रद्दी ठरते. कधी घरातील एखाद्याला त्या चोपड्यांविषयी आस्था वाटते, आणि मग त्यांना व्यवस्थित रूप देण्यासाठी पहिले काम केले जाते ते कडा कापून सारख्या करण्याचे. उपेक्षेने जेवढे नुकसान होते, तेवढेच या आस्थेनेही होते. तालुक्याच्या गावातील एका जुन्या भुसार पेढीच्या कुटुंबाला हे फार उशिरा उमगले. त्या घराची हकिगत पुढे येईल. तत्पूर्वी ही कड मुळात निर्माण कशी होते आणि ती कोणी, केव्हा कापावी, हे समजून घ्यायला हवे.

महाराष्ट्रात हातकागदाची परंपरा जुनी आहे. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागदाचे नाव वारंवार येते. दौलताबादहून वेरूळकडे जाताना लागणारे कागजीपुरा हे गाव तर आपला व्यवसाय नावातच सांगते. मुहंमद तुघलकाने 1327च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी तेथे वस्ती केली, असे परंपरा सांगते. ताग, अंबाडी, जुने दोरखंड, गोणपाट आणि चिंध्या हा या कारागिरांचा कच्चा माल. ज्या वस्तूचा उपयोग संपला, तिच्यातूनच कागद उभा राहत असे. दोरखंडाचे तुकडे करून ते चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, पायाने दाबून उचलायच्या जड लाकडी हातोड्याखाली कुटायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, पुन्हा चुना लावायचा आणि पुन्हा कुटायचे. तंतू मोकळा होऊन पाण्यात तरंगू लागेपर्यंत हा क्रम चालत असे.

हा लगदा जमिनीत बांधलेल्या हौदात पाण्याबरोबर कालवला जातो. हौदाच्या काठी बसलेल्या कारागिराच्या हाती लाकडी चौकट असते. तिच्यावर गवताच्या बारीक काड्यांची, घोड्याच्या केसांनी विणलेली चटई पसरलेली असते आणि लगदा वाहून जाऊ नये म्हणून ती बाजूंनी पट्ट्या लावून अडवलेली असते. कारागीर चौकट हौदात बुडवतो, आडवी वर उचलतो आणि अलगद हलवतो. पाणी निथळून जाते व तंतू चटईवर एकमेकांत गुंतून बसतात. मधल्या भागात लगद्याचा थर सारखा असतो. पट्टीच्या जवळ मात्र थोडा लगदा तिच्याखाली शिरतो आणि तेथे थर पातळ होत जाऊन संपतो. कागदाची कड ती हीच. पाणी जेथे थांबले, तेथे कागद थांबला. ज्या कागदाला चारही बाजूंनी अशी कड आहे, तो एका हाताने एकदाच उचललेला अखंड ताव होय. त्याचा कोणताही भाग गेलेला नाही, याची ग्वाही ती कड देते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आपल्याकडील कागज्यांना या कडेचे मुळीच कौतुक नव्हते. ताव भिंतीवर वाळवून झाला की त्याला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावली जाई. मग दगडाने किंवा शिंपल्याने तो इतका घोटला जाई, की बोरूचे टोक कोठेही अडू नये. त्यानंतर कारागीर स्वतःच कडा कापून ताव सारखे करी आणि निघालेले कातरण पुन्हा हौदात टाकी. कडेतील तंतूही वाया जात नसे. युरोपातही बांधणी करणारे शतकानुशतके पुस्तकाच्या कडा कापतच आले. कडेला मान मिळाला तो यंत्र आल्यावर. फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने 1799 मध्ये अखंड पट्टा काढणाऱ्या कागदयंत्राचे पेटंट घेतले आणि पुढील शतकात गिरणीचा गुळगुळीत, सरळ कापलेला, स्वस्त कागद सर्वत्र पसरला. तेव्हा कालपर्यंत दोष मानली गेलेली कड हाताच्या कामाची खूण ठरली. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने 1891 मध्ये केल्म्सकॉट मुद्रणालय सुरू केले, ते लिननच्या चिंध्यांपासून हाताने बनवलेल्या कागदावर पुस्तके छापण्यासाठी. पुढे या खुणेला बाजारात इतका भाव आला, की गिरण्याही आपल्या कागदाला मुद्दाम ओबडधोबड कड पाडू लागल्या. आजच्या काही पत्रिकांची कडही हौदात जन्मलेली नसते. फुटपट्टी ठेवून, कागद ओला करून फाडलेली असते. नाण्याची मागणी वाढली की खोटे नाणेही बाजारात येते, त्यातलाच हा प्रकार.

कड राहिलीच पाहिजे असा काही नियम नाही, हे यावरून ध्यानात येईल. प्रश्न आहे तो कापण्याच्या वेळेचा. कोऱ्या कागदाची कड कागजी कापतो, तेव्हा गेलेले पुन्हा हौदात येते आणि कोणाचेच काही बुडत नाही. कागदावर अक्षर उमटले, की त्या कडेचा मालक बदलतो.

जुने लेखक हे पुरेपूर जाणत होते. पश्चिम भारतात 14व्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रंथलेखनासाठी ताडपत्राची जागा कागद घेऊ लागला. कागद रुंद होता, हवा तसा कापता येत होता. तरीही जैन ग्रंथांच्या लेखकांनी ताडपत्राचा आडवा, लांबट आकार सोडला नाही. ताडपत्राला मध्यभागी दोरी ओवण्यासाठी छिद्र असे. कागदाच्या पोथीत दोरीची गरज संपल्यावरही त्या ठिकाणी चौकोनी जागा कोरी सोडली जाई किंवा तेथे लहानशी नक्षी काढली जाई. काजळ आणि डिंक घोटून शाई केली जाई. ताणलेल्या दोऱ्यांच्या पाटीवर पान दाबून ओळी उठवल्या जात. अक्षर चुकले तर त्यावर पिवळा हरताळ लावला जाई. 'हरताळ फासणे' हा आपल्या नित्याच्या बोलण्यातील वाक्प्रचार या लेखनव्यवहारातूनच आला आहे. दोन्ही बाजूंना समासाच्या उभ्या रेघा आखल्या जात आणि समास भरपूर सोडला जाई.

एवढा महागाचा कागद आणि त्यात इतकी जागा कोरी कशासाठी? समासात पत्रांक लिहिला जाई, राहिलेले अक्षर किंवा एखादी टीप तेथे घातली जाई, हे खरेच. पण त्यामागे आणखी एक शहाणपण होते. पान उलटताना बोटे कडेला लागतात. घाम, ओल आणि कसर यांचा पहिला हल्ला कडेवरच होतो. कागदाचा कोणता भाग आधी झिजणार हे लेखकाला ठाऊक होते आणि त्या भागावर त्याने मूळ मजकूर ठेवलाच नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर समास ही घसाऱ्याची तरतूद होती. यंत्र आज चालते आहे म्हणून हिशेबात घसारा न धरणारा माणूस जसा एक दिवस अडचणीत येतो, तसाच समास न सोडणारा लेखकही आला असता. शंभर-दोनशे वर्षांत कड झिजावी आणि आतील ग्रंथ शाबूत राहावा, हा हिशेब मांडूनच पान आखलेले असे. पोथीच्या शेवटी लेखक वाचकाला विनवीत, की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून या ग्रंथाचे रक्षण करा. पाठ वाकवून, मान मोडून तो लिहिला आहे. त्या काळी सुरीचा उल्लेख करण्याची गरज त्यांना वाटली नसावी.

आता त्या भुसार पेढीकडे वळू. दुकानाला शंभर वर्षे पूर्ण होणार होती. घरातील ज्येष्ठ, ज्यांना सारे दादाजी म्हणत, त्यांच्या वडिलांच्या हातच्या चार कीर्दी माळ्यावर शिल्लक होत्या. खतावण्या वाळवीने केव्हाच खाल्ल्या होत्या आणि उरलेल्या कीर्दीही सलग वर्षांच्या नव्हत्या. समारंभात त्या मांडाव्यात, असे मुलांच्या मनात आले. लाल कापड विटले होते, शिवण सुटली होती, पाने मागेपुढे झाली होती. जवळच्या शहरातील बाइंडरकडे त्या दिल्या आणि सांगितले, "चांगल्या व्यवस्थित करून द्या." बाइंडरने सांगितल्याप्रमाणे काम केले. नवी शिवण, नवे पुठ्ठे, वर सोनेरी अक्षरे आणि तीन बाजूंनी यंत्राखाली घालून आरशासारख्या सारख्या केलेल्या कडा. समारंभात सर्वांनी वाखाणणी केली. बाइंडरला दोष देण्यासारखे काही नव्हते. गिरणीच्या कागदाच्या पुस्तकाला तो जसे करतो, तसेच त्याने यांना केले होते.

काही दिवसांनी दादाजी सवडीने त्या कीर्दी वाचू लागले. मोडी वाचणारे घरात ते एकटेच उरले होते. त्यांच्या वडिलांची एक सवय होती. गावातील बायाबापड्या पेढीवर विश्वासाने ठेव ठेवीत. ठेव आली, की ती त्या दिवसाच्या कीर्दीत जमेला लागे. पुढे कधी ती परत गेली, की त्या दिवशी नावे पडेच. पण त्याखेरीज वडील जुनी कीर्द काढून मूळ नोंदीसमोर, पानाच्या अगदी कडेला 'फिटले' असे लिहून तिथी घालीत. कापलेल्या कीर्दींत बहुतेक ठिकाणी त्या शब्दाचा निम्मा भाग उरला होता. निम्म्या शब्दावरूनही अर्थ लागत होता. एका नोंदीपाशी मात्र दादाजी थांबले. शेजारच्या गल्लीतील एका विधवेची चाळीस रुपयांची ठेव. समोर कडेला फक्त शिरोरेघेचा तुकडा राहिला होता. मोडी लिहिणारा रेघ आधी ओढतो आणि मग अक्षरे तिला टांगतो. त्यामुळे रेघ आहे म्हणून तिच्याखाली अक्षर होतेच, असे म्हणता येत नाही. चाळीस रुपये फिटले होते की नाही?

हिशेबाची रीत दादाजींना ठाऊक होती. एका पुस्तकात सापडले नाही, तर दुसऱ्यात पाहावे. परंतु खतावणी नव्हती. पुढील दोन वर्षांच्या कीर्दी नव्हत्या. नंतरच्या कीर्दीत त्या बाईचे नाव कोठेही आढळले नाही. याचा अर्थ रक्कम परत गेली असाही होतो आणि ती मागायला कोणी आले नाही असाही होतो. मुलांनी समजावले, की आजोबांसारखा माणूस कोणाचे ठेवून घेणार नाही. दादाजींनाही तशी खात्री होती. पण त्यांचे म्हणणे एवढेच होते, की खात्री ही माणसाच्या मनात असते आणि पुरावा कागदावर; वडिलांनी तो कागदावर ठेवला असेल तर तो आपल्या घराने कापून टाकला. नातीने त्या गल्लीत चौकशी केली. त्या कुटुंबातील कोणी गावात राहिलेले नव्हते. शेवटी चाळीस रुपयांच्या कितीतरी पट रक्कम दादाजींनी त्या बाईच्या नावाने पांजरपोळाला दिली. पावती त्या कीर्दीत, त्याच पानात ठेवली. तरीही ते खाते आपल्यापुरते बंद झाले असे त्यांनी कधी म्हटले नाही.

या हकिगतीत कोणाचाही हेतू वाईट नव्हता, म्हणूनच ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वाळवी पान खाते, तेव्हा निदान ते खाल्लेले दिसते. सुरीने कापलेले पान मात्र पूर्ण असल्यासारखे दिसते. त्यात काही उणे आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. व्यवहारातही उघड तुटीपेक्षा जुळलेल्या ताळेबंदातील लपलेली तूट अधिक घातक असते. वडिलांनी कडेवर जमवलेली तरतूद शंभर वर्षे पुरली होती. कसर आणि हवा मिळून तिचा थोडासा भाग खर्च करू शकल्या होत्या. यंत्राने ती एका दाबात संपवली.

दादाजींच्या नातीने पुढे या कागदाची माहिती मिळवली, तेव्हा तिला आणखी एक आश्चर्य वाटले. माळ्यावरील त्याच गाठोड्यात गिरणीच्या कागदाची काही छापील पत्रके होती. ती कीर्दींपेक्षा वयाने लहान असूनही पिवळी पडून बोटांखाली तुटत होती, तर कीर्दींचा कागद अजून वाकत होता. याचे कारण कागदाच्या घडणीत आहे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त गिरणी-कागदाला राळ आणि तुरटी यांची खळ असे. तीतून आम्ल तयार होते आणि ते कागदाचा तंतू आतून तोडत राहते. हातकागदाचा तंतू ताग-अंबाडीचा, लांब आणि चिवट. शिवाय धुऊनही त्यात उरलेला चुना आम्लाला मारतो. खळीचाही फरक लक्षात घेण्याजोगा आहे. युरोपात हातकागदाला जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या सरसाची खळ देत. आपल्याकडील कागजी धान्याची खळ वापरीत. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्यांच्या ग्रंथांना तो कागद मानवला, यात नवल नाही. धान्याच्या खळीला कीड लागण्याचा धोका अधिक; म्हणून कीड मारण्याऐवजी ती दूर राहावी यासाठी पोथीजवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची रीत पडली.

हा कागद केवळ जुन्या गाठोड्यांतच उरला आहे, असेही नाही. महात्मा गांधींच्या प्रेरणेने 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. पुण्यात 1940 मध्ये के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागद संस्था उभी राहिली. भारतीय संविधानाच्या हिंदी हस्तलिखित प्रतीसाठी पुण्यात तयार झालेला हातकागद वापरला गेला. आज सुती कापडाच्या कातरणापासून हातकागद बनतो, आणि निमंत्रणपत्रिका, वह्या, चित्रांचे कागद असा त्याचा संसार चालतो. ज्यांना घरातील वडिलधाऱ्यांच्या आठवणी किंवा वंशावळ पुढील पिढ्यांसाठी लिहून ठेवायची आहे, त्यांनी एका दिवसाच्या पत्रिकेपेक्षा अशा लेखनासाठी हा कागद निवडणे अधिक सयुक्तिक ठरेल. अर्थात समास भरपूर सोडूनच.

घरात जुन्या चोपड्या किंवा पोथ्या असतील, तर काय करावे? दादाजींच्या घराने पुढे जी पद्धत पाळली, ती कोणत्याही घराला पाळता येईल. फिरवताना पाने हात स्वच्छ व कोरडे करून उलटावीत, थुंकी लावू नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कालांतराने डाग पाडतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. एकदा केले की ते निघत नाही. गाठोडे उन्हात थेट न टाकता सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. मग धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या सुती कापडात दोन पाट्यांमध्ये घट्ट पण न चुरगाळता बांधावे. पानांना क्रमांक द्यायचे तर पेन्सिलने द्यावेत. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि त्यात चारही कडा आल्या आहेत ना, हे पाहावे. बांधणी करणे भागच असेल, तर फक्त शिवून द्यावे, कडा कापू नयेत, हे बाइंडरला तोंडी न सांगता लिहून द्यावे. आणि आपल्याकडून सांभाळणे होणार नसेल, तर रद्दीवाल्याऐवजी हस्तलिखिते जतन करणाऱ्या एखाद्या ज्ञानभांडाराची वाट धरावी.

हे काम करायला मुहूर्तही शोधावा लागत नाही. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी असते. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढायचे, झाडायचे, त्यांना नवी वस्त्रे चढवायची, असा प्रघात आहे. व्यापारी घरांत हीच तिथी लाभपंचमी म्हणून पाळली जाते आणि दिवाळीत पूजलेल्या नव्या वहीत लिहायला त्या दिवशी सुरुवात होते. पोथी आणि वही यांची तिथी एकच आहे. नव्या वहीला कुंकू लावून झाले, की माळ्यावरचे गाठोडेही एकदा खाली उतरवावे, पाने मोजावीत, आणि आधी कडेला काय लिहिले आहे ते वाचावे.